माजघरातला कायदा

शिवगंगा अफजलपूरकडची. भीमेच्या काठावरून हुलसूरच्या या घरात आली तेव्हा तिला पंधरावं लागलं होतं. उंबरा ओलांडला आणि सासूनं, गुरुबाईनं, घरातले कायदे कानावर घातले. ताक कुणाला द्यायचं, चुलीपुढं कुणी बसायचं, आणि बाळंतपण माजघरात न्हाई, गोठ्यात. आपण लिंगायत, सोयरसुतक धरत न्हाई, मग गोठा कामून, असं तिनं एकदाच विचारलं. उत्तर विधवा नणंदेनं, निलम्माअक्कानं, मागच्या दारी दिलं. गुरुबाईची पहिली लेक माजघरात जन्मली आणि नाळ वाळायच्या आत तिथंच गेली होती.

शिवगंगाचा पहिला मुलगा ऐन पौषात गोठ्यात झाला. सकाळी त्याचे ओठ निळे होते. पुढच्या उन्हाळ्यात गुरुबाई वारली. कायदा मात्र राहिला.

बावन्न साली तिचा नवरा रेवणसिद्धप्पा तूर घेऊन हैदराबादला गेला. तिथं निवडून आलेल्यांची सभा सज्ज्यातून बघून आला आणि येताना एक इंग्रजी शब्द घेऊन आला. लेजिस्लेट. जेवताना त्याच्या तोंडात तोच.

"म्हंजे हुकूम सोडणं," सासरे महादेवप्पा म्हणाले. त्यांचं सारं आयुष्य निजामाच्या फर्मानांत गेलं होतं.

"न्हाई अप्पा. हुकूम एकटा माणूस सोडतो. हे बसून, भांडून, हात वर करून कायदा करणं. तहसीलदारानं दम दिला तर त्याला लेजिस्लेट म्हणत न्हाईत."

"आन् कायदा करणारं माणूस मेलं तर?" भाकरी वाढताना शिवगंगानं विचारलं.

"तरी कायदा जित्ताच. पुन्हा बसून उठवावा लागतो."

"मग बसा की. माझं सातवं सरत आलंय. ह्या खेपेला मी गोठ्यात जाणार न्हाई."

"सासऱ्यासमोर सून कायदे करायलीय," निलम्मा म्हणाली. "उद्या म्हणशील, चूल कुणी फुकायची तेबी हात वर करून ठरवा."

"ठरवू की अक्का. तुमीच हरताल."

महादेवप्पा हसले. मग त्यांनी ताटाकडं बघत उष्टाच हात वर केला. नवऱ्याचा हात वर गेला. निलम्माचा शेवटी, तोही अर्धाच.

दुसऱ्या दिवशी गोठ्याचा कोपरा सारवलेला होता. शिवगंगाला वाटलं, अक्कानं सारवला. अक्काला वाटलं, हिचं मन फिरलं. मग तिथं बाज आली, बाजेवर ताजं गवत आलं. रेवणसिद्धप्पानं बाज उचलून माळवदावर नेली. सकाळी ती पुन्हा खाली. गुरं त्या कोपऱ्याकडं तोंड करून उभी राहत, वैरणीला शिवत नसत. सारवणावरच्या बोटांच्या रेघा उलट्या वळलेल्या होत्या. त्या घरात डाव्या हातानं सारवणारी एकच बाई होऊन गेली होती.

"आई बोलवायलीय तुला," निलम्मा म्हणाली. "माझा हात मी खाली घेते बघ."

"घ्यायचा तर सगळे पुन्हा बसा."

दोन महिन्यांनी, थंडीच्या दिवसांत, भर दुपारी कळा सुरू झाल्या. सुईण यल्लम्मा आली ती सवयीनं सरळ गोठ्यात गेली आणि तिथूनच म्हणाली, "शेगडी फुललीय, पाणी उकळायलंय. आणा की तिला, कुणाची वाट बघायलात?"

शेगडी कुणीच पेटवली नव्हती. ओव्याच्या धुरीचा वास माजघरात आला. माजघर गार होतं, शिवगंगाचे दात वाजत होते.

"तिथं ऊब हाय गं," निलम्मानं तिचा दंड धरला. "आईनं समदं मांडून ठिवलंय. चल."

शिवगंगानं खांबाला मिठी मारली. गोठ्याच्या दाराकडं बघत ती कण्हत म्हणाली, "अत्याबाई, माझ्या लेकराच्या वक्ताला कुठं होती ही शेगडी?"

धुरीचा वास थांबला.

यल्लम्मा मुकाट्यानं माजघरात आली. दिवस कलायच्या आधी पोरगी झाली. ती रडेना. यल्लम्मानं पाठ चोळली, उलटी धरली. निलम्मा तर गोठ्याकडंच बघत होती. मग पोर रडली. रडली तशी गोठ्यात निखाऱ्यांवर पाणी पडल्याचा आवाज आला, चर्र.

महादेवप्पा गोठ्याच्या दारापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले.

शिवगंगानं पोरीला पदराखाली घेतलं.

"मामा," ती म्हणाली, "दार लावून घ्या. गारठा यायलाय."