मिरच्यांची बरणी आणि नॉर्माच्या पापण्या

साताऱ्याहून निघाले तेव्हा आई रडली नाही. गाडीत बॅगा चढत होत्या आणि ती खिडकीशी उभी राहून मिरचीच्या लोणच्याच्या सूचना देत होती. "ओला हात लावू नकोस. आणि मिठा-लिंबाला हात आखडू नकोस." मला वाटलं, लेक सातासमुद्रापार चालली आणि हिला लोणच्याचं पडलंय.

आता इकडे परदेशात, पार्सिपनीत, घरामागे माझा मिरच्यांचा वाफा आहे. शेजारची नॉर्मा चौऱ्याऐंशी वर्षांची, एकटी, इटालियन घराण्यातली. इथल्या लांब हिरव्या मिरच्यांची रोपं तिनेच दिली. त्या तेलावर परतून पावात भरून खायलाही तिनेच शिकवलं. त्यापुढे माझे रविवारचे पोहे मागे पडले. मिरच्या ती व्हिनेगरमध्ये घालते आणि बंद बरण्या चक्क उकळत्या पाण्यात बुडवते. लोणच्याला पाणी! मी मनात हसायचे.

यंदा मी माझं लोणचं घातलं. ह्यांचं बीपी, म्हणून मीठ नावाला. ह्यांची ॲसिडिटी, म्हणून लिंबू नाहीच. चवीला कच्चा लसूण भरपूर, वरून तेल. आठवडाभर ओट्यावर मुरवलं आणि मोठ्या ऐटीत पहिली बरणी नॉर्माला दिली.

दोन दिवसांनी हर्नडनला राहणाऱ्या माझ्या लेकीला हे फोनवर सांगितलं. ती किंचाळलीच. "आई, आर यू सीरियस? तेलात लसूण, तोही काउंटरवर? बॉट्युलिझम होतो! थ्रो इट आउट, आत्ताच!" तिने समजावलं, तेलाखाली हवा पोचत नाही, तिथे हे जीवघेणं विष तयार होऊ शकतं; वासाने कळत नाही, चवीनेही नाही. आमची बरणी अजून बंद होती.

मी तशीच धावले. नॉर्माने अर्धी बरणी संपवली होती. सगळं सांगताना माझी बोबडी वळली. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्या आईची रेसिपी म्हणालीस, म्हणून मी काही विचारलं नाही." आईची कुठली? आईने सांगितलेलं तेवढंच तर मी वगळलं होतं.

तिच्या डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं. पापण्या जड झाल्या, बोलणं अडखळलं, घास गिळवेना, तर लगेच इमर्जन्सीत आणा.

मग मी सकाळ-संध्याकाळ जाऊ लागले. तिच्या पापण्या न्याहाळायचे, तिला बोलतं करायचे, समोर बसून खाऊ घालायचे. ती नुसती खोकली तरी मी फोन हातात घ्यायचे. माझ्या हातून माणूस जाणार, एवढंच डोक्यात. ती मात्र मजेत नवऱ्याच्या गोष्टी सांगायची. ऐकता ऐकता एकदा वाटलं, आईच्या चेहऱ्याकडे मी सलग इतके दिवस कधी पाहिलं? तिच्या शेवटच्या आजारपणात तिकडे राहिलेल्यांनी तिच्या उशाशी दिवस काढले. मी तेव्हा इथे तिकिटं शोधत होते.

दहा दिवस गेले. काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नको. मी हुश्श करून उठले, तर नॉर्मा मान खाली घालून म्हणाली, "म्हणजे आता उद्या येणार नाहीस?"

प्रत्येक फोनच्या शेवटी आई हेच विचारायची, "यंदा येणार नाहीस?" मी म्हणायचे, बघू.

"येते ना," मी नॉर्माला म्हटलं. "बरण्या उकळायला शिकव."

घर म्हणजे साताऱ्याचं दार, हे मी इतकी वर्षं धरून बसले. त्या दारात आता कुणी नाही. कुंपणापलीकडे मात्र सकाळी नऊला नॉर्मा माझ्यासाठी खुर्ची ओढते. ती ओढल्याचा आवाज आला नाही, तर माझा जीव अजूनही घाबरा होतो.