सूचना वाचणारे शेजारी

पुंगोलला आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. लिफ्टमध्ये शिरले की आधी भिंतीवरची सूचना पूर्ण वाचतात, मग बटण दाबतात. तोवर मी चरफडत उभा.

गेल्या जूनमध्ये या गृहस्थांनी आणि मी मिळून इंग्लंडमधली बाजारपेठेची जुनी गावं पाहिली. एका दगडी चौकात आठवडी बाजार भरला होता. तिथे मी एक पितळी तराजू हेरला. विकणारी म्हातारी भाव सोडेना, म्हणून सरळ निघालो. बाजार उठायच्या वेळी माणूस भावात उतरतो, हे तुआसच्या कारखान्यांच्या वसाहतीत यंत्रांच्या सुट्या भागांचा धंदा उभा करताना मी शिकलोय.

"तोवर शेजारचं खेडं पाहू," हे म्हणाले.

तिथल्या चर्चबाहेर गावाचा सूचनाफलक होता. झालं!

"अहो, चला!"

"एकच मिनिट, शेठ. इथे कुणाचं तरी मांजर हरवलंय."

फुलांच्या स्पर्धेपासून प्रार्थनेच्या वेळांपर्यंत त्यांनी सगळं वाचलं, मांजराच्या कागदाचा फोटोही काढला. आम्ही परतलो तेव्हा चौक रिकामा. माझा तराजू गेला. तो राग अजून आहे.

परवा ते लिफ्टमध्ये भेटले. आज यांना सुनवायचंच म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात तेच म्हणाले, "शेठ, काल इंग्लंडला फोन लावला. त्या कागदावरच्या नंबरवर."

"कशाला?"

"मांजराची चौकशी करायला."

माझा मजला आला. दार उघडलं आणि मिटलं. मी आतच उभा होतो.

"मग? सापडलं का?"