चार कप, एक ग्लास

आमच्या कारखान्यात चहा देणारे काका माणसाकडे एकदाच बघतात आणि ठरवतात, कप की ग्लास. कप चिनी मातीचा, बशीसकट. ग्लास स्टीलचा, कडेला पोचे पडलेला. नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो सगळ्यांना पाठ आहे. आनंदनगर एमआयडीसीत आमचं औषधांचं पॅकिंग चालतं, आणि इतक्या वर्षांत काकांची चूक झालेली मी एकदाच पाहिली. माझ्या पहिल्या दिवशी. मी सावळी, साधा पंजाबी ड्रेस, उल्हासनगरातल्या विठ्ठलवाडीच्या चाळीतून आलेली. त्यांनी ग्लास पुढे केला. "मॅडम क्वालिटी डिपार्टमेंटच्या आहेत," असं कोणीतरी म्हणालं, तसा ग्लास गेला आणि कप आला. मला ग्लास दिला याचा राग आला होता. मुळात ग्लास असतोच कशाला, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

राग माझ्याकडे आधीपासूनच भरपूर होता. आमचं गाव नकली मालासाठी बदनाम. मुंबईतल्या एका मुलाखतीत माझा पत्ता वाचून साहेब म्हणाले होते, "उल्हासनगर? मग डिग्री ओरिजिनल की डुप्लिकेट?" ते हसले, शेजारचे दोघे हसले, आणि मीही हसले. त्या माझ्या हसण्याचा मला अजून संताप येतो. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात मशीनवर उभं राहून रिटायर झाले, तेही जन्मभर ग्लासवालेच. त्यामुळे मला वाटायचं, दुसऱ्याला हलकं लेखणं म्हणजे काय ते मला शिकवायची गरज नाही.

चांगलीच गरज होती.

आमच्या पॅकिंगला एक बाई आहे, सोनिवलीकडची, शेतकरी घरातली. त्यांच्या शेताच्या जागी आता टॉवर उभा आहे आणि घरात पगार येतो तो तिचाच. मस्टरवर तिचं पूर्ण नाव आहे, पण आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो आणि त्यातच मान दिल्याचं समाधान मानतो. एका सकाळी ती खोकल्याच्या औषधाचा एक बॉक्स घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, ही तारीख बघा ना. बरोबर नाय वाटत."

मी ऑडिटच्या कागदांत बुडाले होते. बॉक्स हातातही न घेता विचारलं, "मावशी, तुम्हाला इंग्रजी येतं का?"

"आकडेच हायत ना, मॅडम."

शेजारच्या टेबलावर कोणीतरी खुदकन हसलं. मी तिला सांगितलं की तारीख मशीन छापतं, तुम्ही भरत राहा. ती बॉक्स टेबलावर ठेवून गेली. मी तो उचलून बाजूला सरकवला, कारण त्याच्याखाली माझे कागद होते.

काही दिवसांनी त्या बॅचचा सगळा माल परत आला. औषध तयार झाल्याची आणि बाद होण्याची, दोन्ही तारखा एकच छापलेल्या. वरखाली दोन ओळी, तेच आकडे. छपाई सुरू होण्याआधी नमुना तपासून सही करायची असते, आणि ती सही माझी होती.

चौकशी मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली. मॅनेजर, प्रोडक्शनचे साहेब, पर्सोनेलचे साहेब आणि मी असे चौघे खुर्चीत. मावशी दाराशी उभी, कारण त्या दिवशी बॉक्स तिच्या लाइनवर भरले होते. काका चहा घेऊन आले. चार कप, एक ग्लास. पर्सोनेलचे साहेब म्हणाले, या बायका शेतावरून उठून येतात, यांना वाचता येत नाही, डोळ्यांसमोरचं दिसत नाही, आपण तरी किती सांभाळून घ्यायचं. कामावरून काढायचं पत्र तयारच होतं. तिचं घर त्या एका कागदावर आलं होतं. तरी ती माझ्याकडे बोट दाखवत नव्हती, नुसती ग्लासाकडे बघत होती.

अर्धा कप संपेपर्यंत मी गप्प बसले. हे लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहिते आहे.

मग मी सांगितलं. ती बॉक्स घेऊन माझ्याकडे आली होती, मी बघितला नाही, सहीही माझीच आहे.

मॅनेजर हसले. "अरे, होतं असं. कामाचा लोड बघा ना तुमच्यावर. ह्यूमन एरर आहे." पत्र फाडलं गेलं, मावशीला कामावर जायला सांगितलं गेलं, आणि मला आणखी चहा हवा का विचारलं गेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन मिनिटांपूर्वी हीच चूक तिचं गाव होती, तिची अक्कल होती, तिच्यासारख्या सगळ्या बायकांची जात होती. माझी झाल्याबरोबर ती कामाचा लोड झाली. मला इंग्रजी येतं का, हे कोणीही विचारलं नाही.

मी पॅसेजमध्ये तिला गाठलं आणि माफी मागितली. तिने मान हलवली, हातमोजे चढवले.

"पुढच्या टायमाला असं काय दिसलं, तर सांगायचं कोणाला, मॅडम?"

ती उत्तरासाठी थांबली नाही, आपल्या लाइनकडे गेली. मी केबिनमध्ये परतले तेव्हा काका कप गोळा करत होते, आणि तिचा ग्लास तसाच होता, भरलेला, वर साय धरलेली.