आमच्या बैठकीचा जकातनाका

"आ कर वं!"

दारात चपला काढल्या की पहिलं हे ऐकू यायचं. मग ती दोन पावलं पुढे यायची, डोळे मिटायची आणि तिचं नाक थेट आपल्या तोंडाशी. गुजरातेत, गोडादऱ्यात दर गुरुवारी दुपारी आमची, म्हणजे नशा सोडणाऱ्या बायकांची, बैठक भरते. बैठक घेणाऱ्या बेन गुजराती, आम्ही बहुतेक खानदेशी. इथली नावं बाहेर काढायची नाहीत हा आमचा नेम, म्हणून दारातल्या त्या बाईचंही सांगत नाही. आम्ही तिला मागून जकातनाका म्हणायचो. तोंडावरही म्हणायचो. ती खूश व्हायची.

हा कारभार तिच्याकडे कोणी सोपवला नव्हता. स्वतः देशी दारूच्या पोटल्या, म्हणजे पिशव्या, रिचवून आलेली बाई, पण ऐट बघा. "गुजरातमधी दारू मिळतच नाही ना? मग जे मिळतच नाही ते मी सोडून दाखवलं! आहे का कोणी माझ्याएवढी भारी?"

माझं व्यसन झोपेच्या गोळ्यांचं. गोळ्यांना वास नसतो, म्हणून पहिल्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात आ केला. तिने हुंगलं, माझी हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. "तुझं नाकाला कळायचं नाही. तू डोळे दाखवत जा." झालं, तेव्हापासून सगळ्यांनी तोंड उघडायचं आणि मी डोळे वटारायचे. राग यायचा हो. पण घरी गोळ्यांची पट्टी हातात आली की मेली तीच समोर उभी राहायची.

एकदा तिने बेननाच अडवलं. "बेन, आ करा." बेन हसल्या आणि आ केला. हिने हुंगलं, गंभीर चेहरा केला आणि जाहीर केलं, "लोचो. वरून लसणाची चटणी."

लोचो म्हणजे इथला वाफवलेल्या डाळीचा नाश्ता. आता नेम कसा पाळावा हे समजावताना आपल्या एकादशीच्या उपासाचा दाखला बेननीच दिला होता, आणि त्या दिवशी नेमकी एकादशी! बेन लालबुंद झाल्या. "ठरवते हो मी, पण कोपऱ्यावर लोच्याची वाफ दिसली की पाय वळतात." आम्ही पोट धरधरून हसलो. तेवढ्यात कितीतरी गुरुवार मूग गिळून बसलेली एक नवी सून एकदम म्हणाली, "माझंही असंच होतं, बेन." आणि मग ती बोलतच सुटली. त्या दिवशी बेनना वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

हुंगायची ही रीत मात्र आमच्या जकातनाक्याच्या लेकीची. लेक कडोदऱ्याला राहते, लूमच्या कारखान्यात कामाला. नातवाच्या बारशाला ही पिऊन गेली आणि पाळण्यावरच कोसळली. नशीब, बाळ वाचलं. तेव्हापासून लेक उंबऱ्यावरच थांबवायची, "आई, आ कर." वास नसला तरी बाळ लांबूनच दाखवायची, मांडीवर काही द्यायची नाही. घरून आणलेल्या मजुरीच्या साडीवर टिकल्या चिकटवता चिकटवता तिने हे एकदाच सांगितलं. "बरोबर करते पोरगी," म्हणाली. "तिच्या जागी मी असते तर मीबी दिलं नसतं."

मग एका गुरुवारी ती आलीच नाही. आमच्यात न येण्याचा अर्थ एकच, परत प्यायली. बेननी फोन लावला, लागेना. तिच्या खोलीला कुलूप. मी आणि बेन रिक्षा करून कडोदऱ्याला गेलो.

बाळाला सांभाळणारी शेजारीण गावी गेली होती, म्हणून लेकीने आईला बोलावून घेतलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही पोचलो तेव्हा लेक रात्रपाळीला निघायच्या घाईत होती. बाळ आत सतरंजीवर. आणि आमचा जकातनाका उंबऱ्याबाहेर उभा, सवयीने डोळे मिटून, आ करून.

लेकीने वास घेतला नाही. हातातल्या ताटलीतला शिऱ्याचा मोठा घास तिने आईच्या तोंडात कोंबला, हाताला धरून आत बसवलं आणि बाळ उचलून मांडीवर दिलं. "सकाळी सहाला येते, आई," म्हणाली आणि आमच्या बाजूने निघून गेली.

मला रडू आवरेना. तिचं तोंड भरलेलं, दोन्ही हात बाळाभोवती, त्यामुळे त्या जन्माच्या बडबडीला पहिल्यांदाच बोलता येत नव्हतं. आम्हाला दारात बघून तिने नुसती हनुवटी उडवली.

बेननी मुकाट्याने आ केला. मी डोळे दाखवले.