दोन किलोच्या आत

कोर्टात तिला सगळे खडखडबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं बाई, पाठ फिरली की खडखडबाई. टाइपरायटरवर हात बसलेला, त्यामुळे लॅपटॉपची बटणंही ती अशी बडवायची की शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटावं, कोणीतरी लोखंडी जिन्यावरून धावत सुटलंय. तिला या नावाचा राग नव्हता. उलट हात थांबला की लोक चमकून बघतात, याचं तिला मनातून बरंच वाटायचं.

काम तसं वेगळंच होतं. जे साक्षीदार अंथरुणातून उठू शकत नाहीत, त्यांच्या घरी कोर्ट एका वकिलाला पाठवतं. त्याला कमिशनर म्हणायचं. दोन्हीकडचे वकील येतात, प्रश्न विचारतात, आजारी माणूस उत्तरं देतो, आणि बाई ते जसंच्या तसं टाइप करते. टाइप करताना ती पडद्याकडे कधी बघत नसे. नजर साक्षीदाराच्या तोंडावर. दात नसलेल्या माणसाचे अर्धे शब्द ओठांवरच राहतात, ते कानांनी नाही, डोळ्यांनी टिपायचे असतात. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. एकतीस वर्षांत आपसूक अंगात मुरलं होतं.

गेल्या दोन महिन्यांत मात्र उजवा खांदा आखडला. आधी केस विंचरताना कळ यायची, मग कपाटाच्या वरच्या कप्प्यापर्यंत हात जाईना. डॉक्टरीणबाईंनी हात वर-खाली करून पाहिला आणि सरळ सांगितलं, "या हातानं दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. उचललंत तर पुढे पेनही धरता येणार नाही." बाईचा जुना लॅपटॉप म्हणजे धोंडा होता. त्यात चार्जर, माउस आणि फायली. आणि आजारी माणसं तळमजल्यावर राहतात असं थोडंच आहे?

तरीही ती गप्प राहिली असती. पण एका जिन्यात कमिशनर साहेबांनी तिला पिशवी या हातातून त्या हातात घेताना तीनदा पाहिलं. ते म्हणाले, "बाई, शुक्रवारी चौथा मजला आहे. लिफ्ट नाही. जमणार नसेल तर आत्ताच सांगा. एक जण मशीनवर रेकॉर्ड करून देतो म्हणून मागे लागलाय."

"जमेल की साहेब," ती म्हणाली. हे काम गेलं तर दुसरं कोण देणार होतं? आणि दिलं तरी दुसरं कोणतं काम तिला येत होतं?

म्हणजे पातळ आणि हलका लॅपटॉप घ्यायचा, आणि तोही खिशाला झेपेल असा, शुक्रवारच्या आत. परगावी असलेल्या लेकीनं फोनवर यादीच सांगितली. रॅम इतकी हवी, एसएसडी अमुकच हवी, बॅटरी सहा तास तरी चालली पाहिजे, प्रोसेसर मागच्या पिढीचा चालेल पण त्याच्याही मागचा नको. बाईनं सगळं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. यादीत चूक एकही नव्हती आणि तिला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं. पुढचे दोन दिवस ती मोबाइलवर माहितीचे व्हिडिओ बघत राहिली. एक माणूस ज्याला डोक्यावर घ्यायचा, दुसरा त्यालाच पायदळी तुडवायचा. तिची भूक मेली. घास तोंडात धरून ती विचारायची, "अहो, बॅटरी मध्येच संपली तर?"

'अहो' म्हणजे तिचा नवरा. वजनमापे खात्यात निरीक्षक होता, आता घरी असतो. ऑफिसात त्याला काटेसाहेब म्हणत. सगळी हयात दुकानदारांची मापं तपासण्यात गेलेली, त्यामुळे छापील वजनावर त्याचा काडीचाही विश्वास नाही. साबणाची वडीसुद्धा तो तोलून बघतो. बायकोची उडालेली झोप बघून त्यानं विचार केला, की बाकीचं लेक बघेल, वजन आपण बघू. आणि बुधवारी दुकानात जाताना त्यानं पिशवीत ताणकाटा घातला.

"अहो, शोभतं का हे? हसतील लोक."

"हसू देत. तुझा खांदा आहे, त्यांचा नाही."

दुकानात रांगेनं लॅपटॉप उघडून ठेवलेले, प्रत्येकावर तीच निळी चित्रं. गोड आवाजाची एक विक्रेती पुढे आली. काटेसाहेबांनी तिला पहिला प्रश्न विचारला तो असा, "हे जे वजन लिहिलंय, ते चार्जर धरून की सोडून?"

"काका, ते... सोडून असतं."

"वाटलंच मला." आणि त्यांनी काटा बाहेर काढला. आकड्याला कापडी पिशवी अडकवली, तिच्यात लॅपटॉप, त्यावर चार्जर, आणि हात सरळ धरून एक डोळा मिटला. बाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दुकानातली गिऱ्हाइकं आपले लॅपटॉप सोडून हे बघायला लागली. एका बाईंनी तर विचारलंही, "आमचा पण करून द्याल का?"

पहिला लॅपटॉप पातळ होता, अगदी वहीसारखा, पण किंमत ऐकून दोघंही एकदम त्याच्यापासून लांब सरकले. दुसरा स्वस्त होता. काट्यावर चढला आणि काटेसाहेबांनी आरोपीकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. तिसरा राखाडी रंगाचा. लेकीच्या यादीत बसत होता, खिशातही बसत होता, आणि चार्जरसकट दीड किलोला पन्नास ग्रॅम कमी भरला. "चार्जर काढला की छापलंय तेवढंच भरतं," काटेसाहेब म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी स्वतःच्या जावयाचंही केलं नव्हतं.

बाईनं उभ्याउभ्या काउंटरवर दोन ओळी टाइप करून बघितल्या. बोटं भराभर गेली, पण आवाजच येईना. चुकीच्या बटणावर बोट पडलं की तिला ते आधी कानाला कळायचं. इथं सगळंच मुकं.

"हे वाजत नाही हो," ती म्हणाली.

"काकू, पातळ आहे ना, बटणं खोल जात नाहीत. हल्ली सगळे असेच. आणि हा बघा, टचपॅड केवढा मोठा दिलाय!"

टचपॅडशी बाईचा संबंध उरला नव्हता. जुन्याचा टचपॅड कधीच मेला होता आणि ती माउसवर भागवायची. तिनं मान डोलावली. मनात काहीतरी टोचत होतं, पण काय ते सांगता येईना, आणि फायली धरून दोन किलोच्या आत भरणारं, खिशाला झेपणारं दुसरं काही दुकानात नव्हतं. त्यांनी तो घेतला. काटेसाहेब घरी येईपर्यंत शीळ घालत होते.

शुक्रवारी चौथ्या मजल्यावर ती धाप लागली तरी खांदा न दुखता पोचली. खिडकीशी पलंग, पलंगावर चिमणीएवढी आजी. खटला घराचा होता. आजींनी घर धाकट्या सुनेच्या नावावर केलं होतं, आणि थोरल्या मुलाचं म्हणणं, आईकडून जबरदस्तीनं करून घेतलं. आजींना सकाळचा तासभर नीट शुद्ध असे, मग औषध घेतलं की गुंगी. डॉक्टरांनी आठवड्यापलीकडची खात्री दिली नव्हती. साक्ष व्हायची ती आजच.

बसायला स्टूल आणि लॅपटॉप ठेवायला पलंगाच्या पायथ्याशी एक ठेंगणी पेटी मिळाली. प्रश्न सुरू झाले. बाईनं नजर आजींच्या ओठांवर लावली आणि हात चालू केले. आवाज नसल्यानं तिला आंधळ्यासारखं वाटत होतं. दहाएक मिनिटांत खांदा भरून आला, तसे तिनं तळहात टेकवले. लॅपटॉप पातळ, टेकायला बरं वाटलं.

चाळीस मिनिटांत साक्ष संपली. आता रीत अशी, की टाइप केलेलं सगळं साक्षीदाराला वाचून दाखवायचं, मग छापून सह्या. बाई वाचू लागली. वाचताना तिचे डोळे नेहमी पाच-सहा ओळी पुढे धावायचे. आणि ते सातव्या प्रश्नावर जाऊन थिजले.

प्रश्न होता, 'हा कागद तुम्ही कोणाच्या दबावाखाली केला का?' आणि खाली उत्तर, 'हो. महिन्यातून एकदा तरी. नाही.'

'हो, महिन्यातून एकदा तरी' हे उत्तर नवव्या प्रश्नाचं, थोरला मुलगा भेटायला येतो का याचं. तिथली जागा रिकामी होती. टेकलेला तळहात त्या मोठ्या टचपॅडला लागला असणार, कर्सर उडी मारून वर गेला असणार, पुन्हा लागला तसा परत खाली आला असणार, आणि ती आपली मुक्या बटणांवर लिहीत राहिली. ताणकाट्यानं सगळं तोललं होतं दोघांनी. बसून टाइप करून मात्र कोणीच पाहिलं नव्हतं.

ती अजून चौथ्या प्रश्नावर होती. तोंडानं वाचन चालू, आत काहूर. खरं उत्तर तिला पाठ होतं. आजींनी 'नाही' म्हटलं होतं, ओठ घट्ट मिटून. सातव्याला नुसतं 'नाही' वाचायचं, नवव्याला नववं, आणि छापायच्या आधी चार बटणं दाबून सरळ करायचं. कोणाच्या बापाला कळलं नसतं. वर ते खरंही होतं. पण एकदा टाइप झालेलं बदलायचं तर सगळ्यांना सांगून, हा या कामाचा नियम. तिनं नियम कधी मोडला नव्हता, कारण मोडायची वेळच आली नव्हती. आणि अशी उडी आणखी कुठे पडली असेल तर? सहावा प्रश्न संपला.

"साहेब, थांबते," ती म्हणाली. "माझी चूक झालीय. सातव्या प्रश्नात नवव्याचं उत्तर घुसलंय. आजी असं बोलल्या नाहीत."

थोरल्या मुलाचे वकील उठून पडद्यापाशी आले. वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "'हो' लिहिलंय की! लिहिलेलं ते लिहिलेलं, साहेब."

"असं कसं? आम्ही सगळ्यांनी ऐकलंय," सुनेच्या वकीलबाई तडकल्या.

"मग या बाईंनी आणखी काय काय चुकवलंय कोणास ठाऊक. पुढे वादच नको, साक्ष रद्दच करा."

कमिशनर साहेबांनी बाईकडे बघितलं. रागावून बघितलं असतं तर तिला परवडलं असतं. ते नुसतेच बघत होते. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. औषधाला वीस मिनिटं होती. "आजी," ते वाकून म्हणाले, "आमच्याकडून चूक झालीय. सातव्यापासून सगळं पुन्हा विचारलं तर चालेल का? दमलात का?"

आजींनी डोळे उघडले. "विचार की. मी काय मेले नाही अजून."

पुन्हा प्रश्न सुरू झाले. आता बाईनं दोन्ही तळहात हवेत धरले, टाइपरायटरवर धरायची तसे, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक डोळा पडद्यावर ठेवला. खांद्यातून कळ निघून थेट बोटांत उतरत होती. आठव्या प्रश्नापर्यंत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता. "दबाव कसला?" सातव्याला आजी म्हणाल्या होत्या. "नाही. माझं घर, मी दिलं." तिनं अक्षरन् अक्षर उतरवलं. औषधाच्या तीन मिनिटं आधी शेवटचं उत्तर झालं.

"नोंद हवी," थोरल्या मुलाचे वकील म्हणाले. "चूक कोणाची, ते नावानिशी. नाहीतर मी सही करणार नाही."

कमिशनर साहेब सावकाश सांगू लागले, आणि बाई टाइप करू लागली. 'टंकलेखिकेच्या हातून झालेल्या चुकीमुळे प्रश्न क्रमांक सात ते अकरा पुन्हा विचारण्यात आले. चूक टंकलेखिकेने स्वतःहून निदर्शनास आणून दिली.' पुढे तिनं स्वतःचं नाव टाइप केलं. एकतीस वर्षं ती दुसऱ्यांचं बोलणं उतरवत आली होती. तिचं नाव साक्षीच्या कागदावर आलं ते आज, आणि असं. हा कागद पुढे दहा वकील वाचतील, हे तिला कळत होतं. लाजेनं तिचे कान तापले.

साहेबांनी आणलेल्या छोट्या प्रिंटरवर कागद निघाले. सगळ्यांच्या सह्या झाल्या. नोंदीखाली बाईची सही हवी होती. उजवा हात उचलेना, तेव्हा तिनं तो डाव्या हातानं धरून कागदावर नेला. सही वेडीवाकडी आली. आजी तोवर झोपल्या होत्या.

जिन्यात कमिशनर साहेब तिच्या पुढे चालत होते. पुढचं काम मिळेल का, हे ती दोन मजले मनात घोकत राहिली. विचारायचं धाडसच नव्हतं. पहिल्या मजल्याच्या वळणावर ते थांबले.

"बुधवारी एक साक्ष आहे. म्हातारे शिक्षक आहेत, फार हळू बोलतात. तिसरा मजला. याल?"

तिनं जोरजोरात मान हलवली.

"मान हलवलेली साक्षीत चालत नाही, बाई. तोंडानं सांगा."

"हो," ती म्हणाली. "येते साहेब."