कूलरवाल्याचा पाचवा उद्गार

आमच्या चर्चमध्ये देवाची सेवा दोन जागी चालते. एक उपदेशाच्या पुलपीटवर, दुसरी कूलरपाशी. मी कूलरवाला.

हे काम मी मागून घेतलेलं नाही. एका रविवारी भर उपासनेत कूलरचा पंप बंद पडला, मी चिडून उठलो, डब्याला एक बुक्की हाणली आणि पाणी सुरू झालं. तेव्हापासून चर्च कमिटीला माझ्यात दैवी देणगी दिसू लागली. मी जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली, विजेतलं मला ओ की ठो कळत नाही. पण त्या वेळच्या पाळकसाहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं की देवाच्या नजरेत कोणतीच सेवा लहान नसते. असं कोणी आपल्याला सांगितलं, की खुशाल समजावं, मोठी सेवा दुसऱ्याला देऊन झाली आहे.

सदरमधलं आमचं चर्च जुनं, छत उंच, आणि नागपूरचा एप्रिल म्हणजे काय ते सांगायला नको. खिडक्यांना पत्र्याचे दोन कूलर आहेत. ते सुरू झाले की शेजारी बसलेल्याचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून नियम असा की गीत सुरू झालं की कूलर सुरू, कोणी बोलायला उभा राहिला की कूलर बंद. बटण माझ्या हाताखाली. त्यामुळे सगळी मंडळी घामाघूम होऊन पुलपीटकडे कमी आणि माझ्याकडे जास्त पाहायची. उपदेश फारच लांबला तर माझा हात चुकून बटणाला लागायचा. एका निवृत्त हेडमास्तरांच्या वेळी तो दरवर्षी लागायचा.

खूण करायच्या मावशी. मावशी म्हणजे ऐंशी पार केलेल्या, एकट्या राहणाऱ्या नर्सबाई. अर्ध्या मंडळीला जन्मल्यावर पहिली चापटी त्यांनीच मारली आहे, मलाही. त्या कूलरच्या समोरच्या बाकावर बसायच्या आणि पदर कपाळाला लावायच्या. त्याचा अर्थ, पुरे झालं, लाव आता. मावशींचा पदर वर गेला की मी कोणाची भीडभाड ठेवत नसे.

पण खरं सांगतो, मला ते पुलपीट हवं होतं. माझे वडील या चर्चचे चौकीदार होते. दर शनिवारी ते पुलपीट पुसायचे, बाजूला उभे राहून, फडकं हातात. त्याच्या मागे ते एकदाही उभे राहिले नाहीत. मी लहानपणापासून मनात धरलं होतं की आपण तिथे उभं राहायचं, आणि तेही उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला. त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू जे सात उद्गार बोलला, त्यांवर सात जण बोलतात. दरवर्षी सात नावं जाहीर व्हायची, आणि शेवटी, "कूलरची सेवा आपले बंधू नेहमीप्रमाणे..." मी हसून मान डोलवायचो आणि घरी जाऊन बायकोवर डाफरायचो.

मग नवे पाळक आले, माझ्या पोराच्या वयाचे. ते सहज म्हणाले, "काका, यंदा पाचवा उद्गार तुम्ही घ्या." पाचवा म्हणजे तहानेचा, "मला तहान लागली आहे." मी हो म्हणालो आणि बाहेर येऊन गाडीची किल्ली पाच मिनिटं शोधत बसलो. ती हातातच होती.

हुडकेश्वरच्या आमच्या घरात तो पूर्ण महिना उद्गाराचा गेला. बायकोने इतवारीतून पांढरं कापड आणून नवा कुर्ता शिवून घेतला. मी आठ पानं लिहिली. त्यांत आत्म्याची तहान होती, ज्ञानाची तहान होती, वाळवंट तर तीनदा होतं. बायको मेथी निवडता निवडता सगळं ऐकायची. एकदा म्हणाली, "काहो, प्रभू एवढंसं बोलले, तुम्हाले आठ पानं काहून लागून राहिली?" मी तिला म्हटलं, तुला यातलं कळत नाही. उत्तम शुक्रवारी बटणावर तीच बसणार होती, म्हणून पुढे फार बोललो नाही.

उत्तम शुक्रवार उजाडला तो तापूनच. बोलणाऱ्या सातांना पहिल्या बाकावर बसवतात आणि मधून उठता येत नाही. माझ्या नव्या कुर्त्याच्या कॉलरला बिनतारी माईक लावला, आणि मी असा ताठ बसलो की मानेला रग लागली. हेडमास्तरांचा पहिला उद्गार इतका लांबला की बाकीचे सहा जण घड्याळाकडे पाहू लागले. बायकोने मुळीच बटण दाबलं नाही, शिस्तीची बाई आहे. मग दुसरा, तिसरा, चौथा. मग माझा.

उभा राहिलो. वडील पुसायचे ते लाकूड दोन्ही हातांनी धरलं. समोर सगळी मंडळी, आणि माझा आवाज छताला जाऊन परत येत होता. बाप्पा, काय वाटलं म्हणून सांगू. पहिलं पान उत्तम गेलं. दुसऱ्या पानावर वाळवंट आलं, आणि मी नजर उचलून मावशींकडे पाहिलं.

मावशींचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ कोरडे. त्या दिवशी उपास म्हणून तीन वाजेपर्यंत त्या पाण्याचा थेंब घेत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. पदर हातात धरलेला होता, पण हात मांडीवरच. मी पाहतोय हे दिसताच त्यांनी तो पदर गुंडाळून मुठीत दाबून टाकला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली, बोल, बोल. बायकोही बटणावर हात ठेवून माझ्याकडेच पाहत होती. दोघींना माहीत होतं मी किती वर्षं थांबलो होतो. माझ्या हातात अजून सहा पानं होती.

मी बायकोला म्हटलं, लाव. तिने लावला. कूलरमधून भट्टी उघडल्यासारखी गरम हवा आली. पाणी संपलं होतं. दर तासाला पाणी भरायचं असतं हे मला सोडून कोणाला माहीत असणार, आणि मी तर कुर्ता घालून पुढे बसलो होतो.

पानं तिथेच टाकून मी पुलपीटमागच्या दाराने नळाकडे पळालो. बालटी भरली, परत पळालो. सरका, सरका. बालटी बाकाला आपटली, अर्धं पाणी कुर्त्यावर, अर्धं फरशीवर, आणि मी त्या बालटीच्या नानाची टांग काढली. दोन फेऱ्या झाल्या तेव्हा कूलर गार झाला. तिसऱ्या वेळी पेला भरून आणला आणि मावशींपुढे धरला. त्या मान हलवत राहिल्या, तीन नाही वाजले गा. मला राग आला. आयुष्यभर दुसऱ्यांना औषधं पाजली या बाईने, आणि स्वतःचं हे.

मी खाली वाकून त्यांच्या कानाशी म्हटलं, "मावशी, प्रभूले तहान लागली तर त्यानं सांगितलं. तू काहून लपवून राहिली?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग वधस्तंभाकडे पाहिलं, आणि पेला घेऊन सगळा प्यायल्या.

सगळी मंडळी वळून माझ्याकडे पाहत होती, मला वाटलं आता मार पडतो. तेवढ्यात बायकोने माझ्या कॉलरकडे बोट दाखवलं. माईक. नळ, बालटी, नानाची टांग आणि मावशी, सगळं लाउडस्पीकरवरून गेलं होतं. पाळक उठले, माझं राहिलेलं भाषण वाचायला सांगतील म्हणून मी पुलपीटकडे वळलो, तर ते म्हणाले, "सहावा उद्गार."

उपासना संपल्यावर मी रिकाम्या चर्चमध्ये फडकं घेऊन सांडलेलं पाणी पुसत होतो. नवा कुर्ता गुडघ्यापर्यंत मळलेला. मनात धुसफूस चाललीच होती, सहा पानं राहिली माझी. मावशी काठी टेकत आल्या. त्यांच्या हातात माझी पानं होती, घडी घातलेली, घामाने ओली. मी पाणी आणायला पळालो तेव्हा बायकोने तीच उचलून त्यांना वारा घातला होता.

"घे तुझं भाषण," मावशी म्हणाल्या. "वारा चांगला लागला. मले जे म्हटलं ते यात लिहिलं होतं का?"

मी म्हटलं, नव्हतं.

त्यांनी पानं माझ्या ओल्या खिशात कोंबली आणि पुलपीटकडे बोट दाखवलं. "तिकडं बी ओलं आहे गा. तुझा बाप कोपरा सोडत नव्हता."

मी पुलपीटच्या बाजूला गुडघे टेकले आणि तो कोपरा पुसला.