पातळ गोळी

आमच्या घरात खोकल्याचं औषध नसतं, खोकल्याची पातळ गोळी असते. हा शब्द आत्याचा. बाटलीतलं लाल, चिकट, चमच्यानं घ्यायचं, तरी ती गोळीच. डोळ्यात थेंब टाकायचे ती डोळ्याची गोळी, गुडघ्याला लावायची ती चोळायची गोळी. आत्या हिवरखेडहून आमच्याकडे अमरावतीला राहायला आली ती हा शब्द घेऊनच. मी तिला चिडवायचो, की शेतात फवारणीच्या पंपातबी गोळीच भरत होती का तू? एरवी माझ्या प्रत्येक टोमण्याला तिचं उत्तर तयार असायचं. हा एक ऐकला की मात्र ती उठून आत जायची, आणि त्यामुळे माझं कुतूहल वाढतच गेलं.

कुतूहल हा माझा जुना रोग आहे. राजापेठेत मी बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो आणि उरलेला वेळ क्रिकेटला देतो. त्यामुळे त्या वर्षी परदेशात एक मोठी स्पर्धा चालू असताना एका परदेशी संघाचा कोच हॉटेलच्या खोलीत मेलेला सापडला, तेव्हा माझी झोपच उडाली. आदल्या दिवशी त्याचा संघ एका लिंबूटिंबू संघाकडून हरला होता. तिथले पोलीस म्हणाले, मृत्यू संशयास्पद आहे. झालं. क्लाससमोरच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी तपास सुरू झाला. एक म्हणे सट्टेवाल्यांनी काटा काढला, दुसरा म्हणे खेळाडूंचंच काम, आणि विष कोणतं असेल ते मला विचारलं जाई. मीही मोठ्या ऐटीत सांगत असे. सामने कोण जिंकतंय याकडे कुणाचं लक्षच उरलं नव्हतं.

अशात एका सकाळी मी मोबाइलवर बातमी मोठ्यानं वाचली: ‘रात्री त्यांनी औषध घेतलं आणि ते झोपले, असं त्यांच्या पत्नीनं सांगितलं.’ मग एक जण पेला ठेवत म्हणाला की औषध घेतलं म्हणजे विषय संपला. दुसऱ्या कुठल्याही मुलखात माणूस औषध घेतो तो बरं वाटावं म्हणून. आमच्या वऱ्हाडात कुणी औषध घेतलं असं ऐकलं की आम्हाला जीव द्यायला तोंडाला लावलेला फवारणीचा डबाच दिसतो. मलाही तोच दिसला. पुढची ओळ वाचायचं भान कुणाला होतं?

मी घरी आलो आणि चपला काढता काढताच आत्याला सांगितलं, की त्या कोचनं औषध घेतलं. ती सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसली होती. तिचा आणि क्रिकेटचा संबंध नाही, पण तिचे हात थांबले. कोण म्हणतं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, त्याची बायकोच म्हणते.

“ते काय म्हनली, ते जसंच्या तसं वाच,” आत्या म्हणाली.

मी वाचलं. पुढच्या ओळीत होतं की कोचला मधुमेह होता आणि ते औषध त्याचं रोजचं होतं.

“अन् तू अर्धंच घेऊन आला घरी,” ती म्हणाली.

मग तिनं मामाजींचं सांगितलं. मामाजी म्हणजे तिचे यजमान. ते झोपेतच गेले एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्या रात्री त्यांच्या छातीत जळजळत होतं. दवाखान्यातून आणलेलं पांढरं पातळ औषध पिऊन ते आडवे झाले आणि उठलेच नाहीत. सकाळी माणसं जमली, काय झालं म्हणून विचारू लागली. रडता रडता आत्या म्हणाली, औषध घेतलं अन् निजले. बस, तेवढंच वाक्य गावभर फिरलं. डॉक्टरनं हृदय बंद पडलं असं स्पष्ट सांगितलं, पण लोक एकच विचारत राहिले, काहून घेतलं? भाजीचा मळा चांगला पिकत होता, घरात उणं नव्हतं, मग बायकोच काहीतरी बोलली असेल. तेव्हापासून औषध हा शब्द तिनं तोंडातून काढला नव्हता. पंपाची थट्टा मी किती वेळा केली होती, तेच आठवत राहिलं.

त्यानंतर ती रोज विचारायची, पण कोचचं नाही, त्याच्या बायकोचं. ती बाई कुठे आहे, एकटी आहे का, तिला कोणी काही बोललं का. टीव्हीवर कोणी घसा ताणून ‘पत्नी काय लपवतेय’ म्हणाला की आत्या उठून आवाज बंद करायची. मीही आता बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचू लागलो.

बऱ्याच दिवसांनी तिथल्या पोलिसांनी जाहीर केलं की घातपात नाही, विष नाही, हृदय थांबलं. मला स्वतःला सुटल्यासारखं वाटलं. टपरीवरून तडक घरी येऊन मी आत्याला सगळं वाचून दाखवलं, एकही ओळ न गाळता. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

“मंग, लोकायनं मानलं का?”

मी टपरीवरूनच येत होतो. तिथे सगळे एका सुरात म्हणाले होते की प्रकरण दाबलं. खोटं बोलावं असं फार वाटलं, पण तिच्यासमोर जमलं नाही. नाही मानलं, असं मी सांगितलं.

आत्यानं समोरची सांबाराची जुडी निवडायला घेतली.

“मंग ते बाईबी आता गोळीच म्हनत असन,” ती म्हणाली.